पायोनियर: बिनीवाला की बेलदार?

माझ्या टेबलावर एक ट्रॉफी आहे. ॲक्रिलिकची, वीतभर उंच. आत एक रॉकेट उडतंय आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'पायोनियर ऑफ द इयर'. मागच्या वर्षी मिळाली. आमची एक वीसेक वर्षांची जुनी सिस्टिम क्लाउडवर न्यायची होती आणि त्यातलं पहिलं मॉड्यूल लाइव्ह नेलं ते माझ्या टीमने. मग टाउनहॉल, टाळ्या, फोटो, समोसे, सगळं यथासांग पार पडलं.

ट्रॉफी घेऊन जागेवर आलो तर शेजारचे काका वाटच बघत होते. (हे सगळ्या टीमचेच काका. अठ्ठावन्नच्या घरातले, खडकीत वाढलेले, वडील बॉम्बे सॅपर्समध्ये होते.) त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ट्रॉफी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अरे, पायोनियर म्हणजे कुदळ-फावडंवाले रे! फौजेच्या पुढे जाऊन रस्ता करणारे. यावर रॉकेट कशाला लावलंय?"

"काका, तुम्ही पण ना!" म्हणून मी हसलो आणि समोसा खाल्ला.

रात्री मात्र राहवेना. डिक्शनरी उघडली. काका बरोबर होते. (काका बहुतेक वेळा बरोबरच असतात, हा आमच्या टीमचा जुना प्रॉब्लेम आहे.)

तर मंडळी, ही या शब्दाची जन्मकथा. पायोनियर इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पायी चालणारा शिपाई, म्हणजे ज्याच्याकडे घोडा नाही तो. त्याच्या मागे एक लॅटिन शब्द आणि त्याच्या मुळाशी चक्क 'पाय'. त्याच लॅटिन शब्दापासून बुद्धिबळातला 'पॉन' झाला. आणि त्याच शब्दाची पोर्तुगीज-फ्रेंच रूपं हिंदुस्थानात येऊन त्यांचा झाला 'प्यून'! आपलं प्यादं फारसीतून आलेलं, संस्कृतात पदाती. लॅटिन, फारसी आणि संस्कृत एकाच मोठ्या खटल्याच्या घरातल्या असल्यामुळे हे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ लागतात.

म्हणजे बघा, त्या दिवशी टाउनहॉलमध्ये पायोनियर स्टेजवर उभा होता आणि प्यून समोसे वाटत होता. शब्दकोशाप्रमाणे दोघे सख्खे भाऊ!

युद्धात पायोनियरचं काम काय असायचं? फौज यायच्या आधी झाडं तोडायची, नाल्यावर फळ्या टाकायच्या, तोफा जातील इतका रस्ता रुंद करायचा, वेढा पडला की खंदक आणि भुयारं खणायची. मान किती? शेक्सपियरच्या ऑथेल्लोला जेव्हा 'सगळी छावणी, अगदी खालच्यातला खालचा माणूससुद्धा' असं म्हणायचं असतं तेव्हा तो पायोनियरचं नाव घेतो. हॅम्लेट तर जमिनीखालून बोलणाऱ्या भुताला आधी चिचुंद्रीच्या जातीचा एक बीळ करणारा प्राणी म्हणतो आणि लगेच पायोनियर म्हणतो. मातीत तोंड घालून काम करणारा, ही त्या काळातली प्रतिमा. रॉकेट कुठेच नाही.

इंग्रजांच्या हिंदी फौजेतही मद्रास, बॉम्बे, शीख, हजारा अशा पायोनियर पलटणी होत्या. वेळ आली की लढायचं आणि एरवी रस्ते बांधायचे. १९३२-३३ च्या सुमारास त्या मोडल्या. पण भारतीय सैन्यात पायोनियर कोअर आजही आहे. काकांच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द असा, घाम गाळणारा माहीत होता. आपल्याला तो पीपीटीतून माहीत झाला.

आता गंमत अशी की मराठीत याच दोन अर्थांसाठी दोन वेगळी माणसं आहेत. एक बिनीवाला आणि दुसरा बेलदार.

बिनी म्हणजे फौजेची आघाडी. ती सांभाळणारा सरदार तो बिनीवाला. पेशवाईतले विसाजी कृष्ण बिनीवाले उत्तरेच्या मोहिमांमुळे इतिहासात आहेत. आडनाव आजही आहे, आणि 'बिनीचे शिलेदार' हा शब्द आजही वर्तमानपत्रात सन्मानाने येतो. बेलदार म्हणजे ज्याच्या हातात खणायचं हत्यार आहे तो. फौजेसाठी वाटा करणं, खणणं, दगडमाती उपसणं हे काम त्याचं. बेलदारांच्या नावाने पानभर सनावळ्या मिळत नाहीत. महाराष्ट्रात बेलदार समाज आहे तो भटक्या जमातींच्या सरकारी यादीत. फौजा गेल्या, किल्ले राहिले, किल्ल्यांवर सरदारांच्या नावाच्या पाट्या लागल्या. आणि ज्यांनी वाट केली ते पुढची वाट करायला निघून गेले.

इंग्रजीतला पायोनियर मुळात बेलदार होता. आज आपण तो बिनीवाल्यासाठी वापरतो.

हे एकट्या पायोनियरचं झालेलं नाही. 'हार्बिंजर' घ्या. आज तो नव्या युगाची चाहूल वगैरे असतो. मुळात तो होता राजाच्या किंवा फौजेच्या आधी पुढच्या गावी जाऊन मुक्कामाची सोय लावणारा. वारीत दिंडीचे ट्रक पुढच्या तळावर आधी पोचतात, तंबू ठोकतात, पाण्याची सोय बघतात, चुली पेटवतात. मूळ अर्थाने ते हार्बिंजर! 'ट्रेलब्लेझर'मध्ये आपल्याला आग दिसते, पण हा ब्लेझ वेगळा. जंगलातून जाताना झाडाची साल थोडी तासून जो पांढरा डाग करतात, तो. मागून येणाऱ्याला वाट कळावी म्हणून. सह्याद्रीत ट्रेकला गेल्यावर कातळावर रंगवलेले बाण दिसतात ना, तेच काम.

मला खटकतं ते हे. 'पुढे जाणारा' या अर्थाचे इंग्रजीतले हे शब्द मुळात मागून येणाऱ्यांसाठी होते. आपण त्यांतलं 'मागून येणारे' खोडून टाकलं आणि 'पुढे' तेवढं ठेवलं.

ही खोडाखोड कशी झाली? बराचसा हात अमेरिकेचा आहे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे गाड्या घेऊन निघालेल्या वसाहतवाल्यांना पायोनियर म्हणू लागले. १८२३ मध्ये फेनिमोर कूपरची 'द पायोनियर्स' नावाची कादंबरी आली आणि शब्दाला वलय आलं. आता ज्या जमिनीवर हे 'पहिले' पोचले तिथे माणसं आधीपासून राहत होती आणि वाटाही पुष्कळशा त्यांच्याच होत्या. पण आपल्याला 'पहिला' म्हणवून घ्यायचं असेल तर आधीचे लोक दिसत नसलेलेच बरे. तिथून पुढे हा शब्द उद्योगात गेला, मग विज्ञानात, मग जाहिरातीत, आणि शेवटी माझ्या ट्रॉफीवर.

मराठीत आणताना आपण आणखी एक पाऊल पुढे गेलो. आपण पायोनियरचं भाषांतर 'जनक' असं करतो. अमुक शास्त्राचे जनक, तमुक चळवळीचे जनक. बाळ एकट्या बापाला झालं, आई कुठेच नाही!

"अरे पण शब्दांचे अर्थ बदलतातच की," असं माझा एक मित्र म्हणाला. बदलतात, मान्य. 'महाराज' हा शब्द एके काळी राजासाठी होता, नंतर स्वयंपाक्यासाठीही झाला, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट त्यात कुणीतरी वर चढलं. इथे मात्र शब्द वर चढला आणि ज्यांच्यासाठी होता ती माणसं खालीच राहिली. त्यांच्यासाठी आता शब्दच उरला नाही. 'सपोर्ट', 'ग्राउंडवर्क', 'बॅकएंड' असले बिनचेहऱ्याचे शब्द उरले. आणि ज्याला नाव नाही त्याला अप्रेझलमध्ये कॉलमही नसतो.

थोडंसं रॉकेटविषयी. काकांना रॉकेट खटकलं, पण एका रॉकेटने हा शब्द फार इमानाने निभावला आहे. नासाचं पायोनियर १० हे यान १९७२ मध्ये उडालं आणि डिसेंबर १९७३ मध्ये गुरूजवळून गेलं. त्याने मोजलं की तिथला किरणोत्सर्ग अपेक्षेपेक्षा भयंकर आहे. त्या आकड्यांमुळे मागून येणाऱ्या व्हॉयेजर यानांची इलेक्ट्रॉनिक्स जास्त टणक करता आली.

पायोनियर ११ ची गोष्ट तर त्याहून भारी. १९७९ मध्ये ते शनीजवळ पोचणार होतं. दोन मार्ग होते. एक कड्यांच्या आतून, शनीच्या अगदी जवळून. शास्त्रज्ञांना तो हवा होता, कारण विज्ञान तिथे जास्त मिळणार. दुसरा कड्यांच्या बाहेरून. पण व्हॉयेजर २ ला पुढे युरेनसकडे जायचं तर याच बाहेरच्या वाटेने कड्यांचं प्रतल ओलांडावं लागणार होतं, आणि तिथे धोंडे-धूळ किती आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नासाच्या मुख्यालयाने दुसरा मार्ग निवडला. म्हणजे पायोनियर ११ ला सांगितलं, तू तिथून जा. वाचलास तर व्हॉयेजर जाईल.

ते वाचलं. दोन वर्षांनी व्हॉयेजर २ तिथून गेलं, १९८६ मध्ये युरेनसला, १९८९ मध्ये नेपच्यूनला. आपल्या लहानपणच्या पुस्तकांत, पोस्टरवर शनीचे ते देखणे फोटो व्हॉयेजरचे. पायोनियरचे फोटो त्यापुढे अगदीच धूसर होते. हा खरा पायोनियर. स्वतःला जास्त मिळत असतानाही मागच्याची वाट तपासायला गेलेला.

आता घरचं उदाहरण. भारतातला पहिला सिनेमा कोणता, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तिथेच ३ मे १९१३ ला. तारखा पाहिल्या तर तोरणे आधी. मग दुसरा पक्ष म्हणतो, ते नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा परदेशी माणसाने चालवला आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. मग तिसरा म्हणतो, सावेदादांनी तर १८९९ मध्येच मुंबईत कुस्ती चित्रित केली होती. हा वाद संपत नाही, कारण 'पहिला' ठरवायचा तर आधी व्याख्या ठरवावी लागते, आणि व्याख्या प्रत्येकजण आपापल्या माणसाला बसेल अशी शिवतो.

पायोनियरच्या जुन्या अर्थाने पाहिलं तर प्रश्नच बदलतो. वाट कोणी केली? मागून माणसं कोणाच्या वाटेने गेली? फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकले, कॅमेरा आणला आणि चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं काम इथे, दादरला उभं केलं. त्यावरून दुसऱ्याला चालता आलं. यात तोरण्यांचा किंवा सावेदादांचा मान एका तसूनेही कमी होत नाही. मुद्दा एवढाच की पहिला असणं वेगळं आणि पायोनियर असणं वेगळं.

आणि तिथेही एक बेलदार आहे. सरस्वतीबाई फाळके. त्या काळात कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. रात्री अंधारात बसून ती भोकं पाडायची, फिल्म धुवायला मदत करायची, आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक. दागिने गेले ते वेगळेच. ती भोकं नसती तर फिल्म कॅमेऱ्यातून एक इंचही सरकली नसती. फौजेपुढे रस्ता करणं यापेक्षा वेगळं काय असतं?

आमच्या धंद्यातही हेच झालेलं आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनियाक हा संगणक जगापुढे आला. त्याच्यावरचं प्रात्यक्षिक चालवणारा प्रोग्राम ज्यांनी बसवला त्या सहा स्त्रियांतल्या कोणाचीही तिथे ओळख करून दिली गेली नाही. रात्रीच्या जेवणालाही बोलावलं नाही. पुढे कित्येक वर्षं जुन्या फोटोंतल्या त्या बायका म्हणजे मशीनशेजारी शोभेला उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात, असं लोकांना वाटायचं. १९९७ मध्ये कुठे त्यांचा एकत्र सन्मान झाला. तोवर आमच्यासारख्या लाखो लोकांची पोटं त्यांच्या वाटेवर भरू लागली होती.

आता थोडं स्वतःच्या विरुद्ध. खणणारा प्रत्येकजण पायोनियर असतो असं मी म्हणत नाहीये. दहा वर्षं तोच रिपोर्ट तसाच काढत राहणं म्हणजे वाट करणं नव्हे. आणि बिनीवाल्याचीही गरज असतेच. पहिला वार छातीवर घेणारा कुणीतरी लागतो. नव्या कंपन्यांच्या जगात 'पायोनियरच्या वाट्याला पाठीत बाण, मागून येणाऱ्याच्या वाट्याला जमीन' अशा अर्थाची म्हण आहे, ती अगदीच खोटी नाही. मला फक्त एवढं म्हणायचंय की माणूस किती आधी गेला यापेक्षा त्याच्यामागून किती जणांना जाता आलं हे विचारावं. पाठीतल्या बाणांइतकेच कातळावर रंगवलेले बाणही मोजावेत.

मराठीत यासाठी एक चांगला शब्द पडून आहे. पायंडा. आपण तो हल्ली बहुतेक वाईट अर्थाने वापरतो, 'चुकीचा पायंडा पडेल' वगैरे. पण ऐकून बघा, त्यातही पाय आहेच, पायोनियरसारखाच. एकाच्या पायांनी पडतो आणि अनेकांच्या पायांनी टिकतो. 'जनक' म्हणण्यापेक्षा 'पायंडा पाडणारा' म्हटलं तर मागचे-पुढचे सगळेच त्यात मावतात.

असो. हे सगळं मी का लिहीत बसलो ते सांगून टाकतो.

आमचं मॉड्यूल लाइव्ह गेलं त्याच्या आधी सहा महिने काका त्या जुन्या कोडमध्ये बसून होते. रात्रीच्या बॅच जॉबपासून एकेक ओळ वाचत. त्यांनी टीमच्या विकीवर एक पान केलं होतं, नाव 'खड्डे'. त्यात शहाऐंशी नोंदी. कुठे तारीख तीन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवली आहे, कुठली फाइल महिन्याच्या शेवटच्या दिवशीच येते, कशाला हात लावला की काय पडतं. लाइव्ह जायच्या रात्री अडीच वाजता आमच्या व्याजाचे आकडे जुळेनात. माझे पाय लटपटत होते. खड्डा क्रमांक एक्केचाळीस: एका प्रॉडक्टमध्ये जुनी सिस्टिम वर्ष ३६० दिवसांचं धरते. वीस मिनिटांत प्रश्न सुटला. काका तेव्हा घरी झोपले होते.

अवॉर्डसाठीची स्लाइड मीच केली होती. त्यावर पाच बुलेट होते. पाचवा होता, 'ग्राउंडवर्क आणि डॉक्युमेंटेशन: काका' (अर्थात त्यांच्या खऱ्या नावाने). फॉन्ट चौदाच्या खाली जात होता. टेम्प्लेटमध्ये चारच बसत होते. मी पाचवा काढला. कुणी सांगितलं नव्हतं. वाईट हेतूही नव्हता. नुसता डिलीट दाबला आणि स्लाइड छान दिसायला लागली.

त्या वर्षी काकांना रेटिंग मिळालं 'अपेक्षेप्रमाणे'. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त ते रॉकेटचं बोलले. आणि तेही, मला आता वाटतं, चिडून नव्हे. त्यांना खरंच ते चित्र चुकीचं वाटलं होतं.

त्यानंतर वर्षभरात आणखी दहा मॉड्यूल्स लाइव्ह गेली. प्रत्येक टीमच्या स्क्रीनवर 'खड्डे' हे पान उघडं असतं. काका मार्चमध्ये रिटायर होतायत. या वर्षीच्या अवॉर्डची नॉमिनेशन्स सोमवारी बंद होतात, आणि ती भरणारा यंदा मी आहे.

फॉर्म आत्ता समोर उघडा आहे. पहिलाच प्रश्न असा की, 'नॉमिनीने कोणती गोष्ट सर्वांत प्रथम केली?' दोन दिवस अडलोय. खरं उत्तर लिहायचं तर काकांनी प्रथम असं काहीच केलेलं नाही. लाइव्ह आम्ही गेलो, फोटोत आम्ही आलो. मघाशी शेवटी लिहिलं: 'यांच्या वाटेवरून आतापर्यंत अकरा मॉड्यूल्स सुखरूप गेली. त्यांतलं पहिलं माझं होतं.'

उत्तर प्रश्नाला धरून नाही हे मला माहीत आहे. एचआरवाले परत पाठवतीलही. पाठवू देत. मी पुन्हा हेच भरणार आहे, आणि या खेपेला स्लाइडचा फॉन्ट बाराचा झाला तरी चालेल.